फुलावहिनीचे शनिवार

सौंसरहून दुपारी पांढुर्ण्याला येणारी बस आमच्या शाळेसमोर कधी थांबत नाही. त्या सोमवारी ती थांबली. मी तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. खिडकीतून आधी बस दिसली, मग कंडक्टर उतरताना दिसला, आणि तो फाटक उघडून थेट आमच्या व्हरांड्याकडेच येतो आहे हे लक्षात आल्यावर मी खडू खाली ठेवला. हा माणूस मला ओळखायचा तो माझ्या वहिनीमुळे. गेली पाच वर्षं दर शनिवारी ती त्याच्या बसनं जायची. तो दाराशी येऊन जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाई, फुलाबाई गेल्या. पहाटे. तुमच्या दादानं निरोप द्यायले सांगितलं." शेजारच्या वर्गांतल्या दोघी शिक्षिका तोवर बाहेर आल्या होत्या. काय झालं, कधीपासून आजारी होती, दवाखान्यात नेलं होतं का, यातलं काहीच मी विचारलं नाही. त्या दोघींच्या देखत माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "विहिरीत?"

कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिला. "नाही बाई," तो म्हणाला, "तापानं. शनवारी थंडी वाजून आली, काल ताप डोक्यात गेला. छिंदवाड्याले नेत होते, रस्त्यातच..."

याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मला एका जागी बसणं जमलेलं नाही. वर्गात शिकवता शिकवता मी उठून दाराशी जाते, भाकरी तव्यावर टाकून अंगणात येते, कशासाठी आले ते आठवत नाही. माझ्या तोंडून निघालेला तो एक शब्द शाळेच्या फाटकातून बाहेर पडला, बाजारात फिरला आणि मागच्या आठवड्यात माझ्याकडेच परत आला. भाजी घेताना एक ओळखीची बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, तुमच्या भावजयीनं विहीर जवळ केली म्हणे. मी सांगितलं, नाही, मलेरियाचा ताप होता. तिनं मान हलवली. ज्याला खोटं कळलं आहे पण बोलून दाखवायचं नाही, तो माणूस हलवतो तशी. तिथून घरी आले आणि लिहायला बसले. हे छापून आलं तर शाळेत वाचतील, सासरचे वाचतील, सौंसरला बाबा वाचतील. वाचू देत.

माझ्या वहिनीचं नाव पंचफुला. ऐंशी साली ती बोरगावहून आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा मी अकरावीत होते. दादा तहसील कचेरीत चपराशी, आई संत्र्याच्या बगिच्यांत तोडणीला जायची, आणि बाबा नागपूरच्या कापड मिलमधली नोकरी सोडून दोन एकराच्या पराटीत, कपाशीच्या शेतात, राबायचे. बाबांनी तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते आणि आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराची एकेक वीट गोळा करून आणली होती. त्यांच्यापुढे कोणी मोठ्यानं हसत नसे. फुलावहिनी हसायची. आठवी शिकलेली, सावळी, उंच, आणि हसली की शेजारच्या दोन घरांत ऐकू जायचं. मी वयानं लहान असूनही रीतीप्रमाणे ती मला बाई म्हणायची, तुम्ही म्हणायची, आणि त्याच तोंडानं माझी यथेच्छ टिंगलही करायची. दादाची सायकल तिनं पहिल्याच महिन्यात ताब्यात घेतली. लुगड्याचा काचा मारून ती पराटीतल्या पायवाटेनं सायकल चालवायची, मला मागच्या कॅरिअरवर बसवायची, आणि एक दिवस मधेच उतरून हँडल माझ्या हातात देऊन म्हणाली की आता तुम्ही चालवा, मी मागं धरून आहे. ती धरून नव्हती हे मला पार रस्त्याला लागल्यावर कळलं. मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जावं हेही तिनंच दादाच्या मागे लागून ठरवून घेतलं. पोरीनं घराबाहेर राहायचं म्हटल्यावर आई तयार नव्हती, तर हिनं आईच्या वाटणीची तोडणी स्वतः पत्करली.

ब्याऐंशीच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला मुलगी झाली. आमची करुणा. बाळंतपण घरीच झालं, सोपं झालं. बाराव्या-तेराव्या दिवसापासून वहिनीची झोप गेली. आधी आम्हाला वाटलं, लेकरू रडतं म्हणून. पण लेकरू झोपलेलं असायचं आणि ती भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसलेली असायची. मग ती स्वतःशी बोलायला लागली. मग म्हणायला लागली की ही माझी पोरगी नव्हे, कोणीतरी बदलली. एका दुपारी मी ट्रेनिंगहून सुट्टीत घरी आले तर घरात ना वहिनी, ना बाळ. शेजारची काकू धावत आली. वहिनीनं बाळाला फडक्यात गुंडाळून, संत्र्याच्या टोपलीत घालून काकूच्या दाराशी नेऊन ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, "इले माह्यापासून दूर ठेवा." ती स्वतः मोहल्ल्याच्या विहिरीच्या काठावर बसली होती. सकाळपासून बसली होती म्हणे. मी हाताला धरून उठवलं तर लगेच उठली, घरी आली, एक अक्षर बोलली नाही. आत्ता लिहिताना कळतं की त्या वेड्या घटकेतही ती लेकराला जपत होती. तेव्हा मला फक्त ती विहीर दिसली. सात वर्षांनी कंडक्टरला विचारतानाही तीच दिसली.

शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, बाहेरची बाधा आहे, जामसांवलीला मारुतीच्या पायाशी नेऊन बसवा. बाबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. भूत नाही, बाधा नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण मग काय आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, मन कमकुवत झालं आहे, घट्ट करायला पाहिजे. रोज पहाटे ते तिला उठवायचे, थंड पाण्यानं अंघोळ करायला लावायचे आणि समोर बसवून वंदना म्हणून घ्यायचे. ती म्हणायची. ओठ हलायचे, डोळे तसेच. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना एवढंच ठाऊक होतं की माणसानं उठून उभं राहायचं ठरवलं की तो उभा राहतो. ते स्वतः तसेच उभे राहिले होते.

शेवटी आईनं बाबांना खोटं सांगितलं. फुलाला चार दिवस बोरगावला माहेरी नेते असं म्हणून ती, वहिनी आणि मी जामसांवलीला गेलो. मंदिराबाहेर झाडाखाली बऱ्याच बाया बसलेल्या होत्या, कोणी आईबरोबर, कोणी सासूबरोबर. आमच्या शेजारी मुलताईकडची एक म्हातारी होती, स्वतःच्या लेकीला घेऊन आलेली. तिनं वहिनीकडे बघितलं, तिचे केस बघितले. महिनाभरात त्या केसांना कोणी हात लावू शकलं नव्हतं. म्हातारी काही न विचारता तिच्या मागे येऊन बसली आणि फणी घेऊन एकेक गुंता सोडवायला लागली. दोन तास तरी लागले असतील. वहिनीनं एकदाही मान हलवली नाही, आणि केस सुटल्यावर तिथेच, त्या म्हातारीच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. सहा आठवड्यांतली पहिली झोप. आई रडायला लागली आणि मारुतीला हात जोडले. मी कोणाला हात जोडायचे ते न कळून नुसती बसून राहिले. चौथ्या दिवशी बाबांना कळलं. ते सायकलनं आले, रस्त्यावरच उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही, आणि आम्ही दिसल्यावर काहीही न बोलता परत गेले. पुढे महिनाभर ते आईशी बोलले नाहीत.

त्या झोपेनं ती बरी झाली नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. बरं होण्याची वाट दाखवली ती सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. करुणाला टोचायला नेलं होतं, तिथे त्यांनी बाळाची आई कुठे आहे असं विचारलं आणि दादाच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. नर्सबाई हिंदीत म्हणाल्या की ही बीमारी आहे, बाळंतपणानंतर काही बायांना होते, इलाज आहे, नागपूरला घेऊन जा. नागपूरच्या ज्या दवाखान्यात न्यायचं होतं त्याचं नाव आमच्याकडे शिवीसारखं वापरतात. दादानं रजा टाकली आणि नेलं. ती दोन महिने तिथे होती. दादा दर रविवारी संत्री घेऊन जायचा. तिथे काय झालं ते वहिनीनं पुढे मला सांगितलं, कसलेही आढेवेढे न घेता. शॉक दिले, गोळ्या दिल्या. त्यानं बरं वाटलं, आणि त्याचा रागही आला. आणि हसत हसत हेही सांगितलं की पहिले पंधरा दिवस ती तिथल्या डॉक्टरीणबाईंना आपली धाकटी जाऊ समजत होती आणि रोज त्यांना भाजीत तिखट जास्त पडल्याबद्दल रागवायची. डॉक्टरीणबाई म्हणे रोज ऐकून घ्यायच्या आणि उद्या कमी टाकते म्हणायच्या.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता, हात थरथरायचे, बोलणं संथ. करुणा तिला ओळखत नव्हती, आईच्या पदराआड लपायची. आणि नेमकं त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. पांढुर्ण्याची मंडळी मला बघायला आली तेव्हा आम्ही त्यांना वहिनी माहेरी गेली आहे असं सांगितलं होतं. लग्न जवळ आलं. एका संध्याकाळी चुलीशी मी आईला हळू आवाजात म्हणाले की लग्नाचे चार दिवस वहिनी बोरगावला राहिली तर बरं होईल, त्या लोकांनी तिचे हात बघितले तर... वाक्य पुरं केलं नाही. वहिनी उंबऱ्याबाहेर तांदूळ निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवीत दोन लुगडी भरली आणि माझी आई आजारी आहे असा निरोप आला असं सगळ्यांना सांगितलं. असा कोणताही निरोप आला नव्हता. निघताना माझ्याजवळ आली, म्हणाली, "बाई, हळद लावताना कानामागं बी लावून घेजा. बाया तेवढं विसरतात." मी तिला थांबवलं नाही. ज्या बाईनं मला सायकल शिकवली, ट्रेनिंगला पाठवलं, तिच्याशिवाय मी लग्न केलं, आणि मांडवात सगळ्यांनी विचारलं तेव्हा तिच्या आईच्या आजारपणाची गोष्ट मी अगदी नीट रंगवून सांगितली.

पुढच्या वर्षी ती एका शनिवारी एकटीच जामसांवलीला गेली. त्या मुलताईच्या म्हातारीला शोधायला, असं ती म्हणायची. म्हातारी काही भेटली नाही. झाडाखाली एक पोरसवदा बाई होती. नातेवाइकांनी तिचे हात ओढणीनं बांधलेले, कारण ती स्वतःला ओरबाडायची. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं आधी त्या नातेवाइकांना एकच गोष्ट सांगितली, की मी नागपूरच्या पागलखान्यातून बरी होऊन आलेली बाई आहे. भर लोकांत, मोठ्यानं. आम्ही घरात दारं लावून जे बोलायचो, ते. मग म्हणाली, देवाला मागायचं ते मागा, मी नाही म्हणत नाही, पण दवाखान्याचंही करा, दोन्ही करा. त्या शनिवारनंतर ती दर शनिवारी जायला लागली. पिशवीत तेलाची बाटली, साबण, फणी आणि चार भाकरी. कोणाला काय झालं असं ती कधी विचारत नसे. जेवली का, एवढंच विचारायची. मग बसून राहायची. ज्या घरचे तयार व्हायचे त्यांना सोबत घेऊन ती नागपूरला जायची, चिठ्ठी कुठे काढायची, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, डॉक्टरला काय सांगायचं, सगळं दाखवायची. आणि बायांना हसवायची. त्या डॉक्टरीण-जावेची गोष्ट तिनं किती वेळा सांगितली असेल कोण जाणे.

विहाराच्या कमिटीनं तिला बोलावलं. कमिटीचे अध्यक्ष बाबाच. अध्यक्षांच्या घरची सून दर शनिवारी मारुतीच्या देवळात जाते, समाजात काय तोंड दाखवायचं, असा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी त्या दिवशी माहेरी आलेली होते आणि दाराशी बायांमध्ये उभी होते. वहिनी पदर सावरून उभी राहिली. तिचे हात तेव्हाही थोडे थरथरत होते. ती म्हणाली, "मी देवाकडं नाही जात. मी बायाईकडं जाऊन राहिली. त्या जिथं भेटतात, तिथं जातो. तुमी त्यायले बसाले इथं जागा द्या, मी इथं बसतो." सभा काही न ठरवता उठली. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी एक दिवस बाबांनी विहाराला लागून असलेली, सतरंज्या ठेवायची खोली रिकामी केली, स्वतः चुना लावला, आणि किल्ली वहिनीच्या हातात न देता चुलीजवळच्या खुंटीला लावून ठेवली. तिनं ती तिथून घेतली.

नागपूरची बस पकडायला आदल्या दिवशी आलेल्या बाया त्या खोलीत थांबू लागल्या. बहुतेक शेतकरी घरांतल्या, पांढुर्णा-सौंसरच्या खेड्यांतल्या, आमच्या मोहल्ल्यात आयुष्यात कधी पाय न टाकलेल्या. एकदा एक नवरा आपल्या बायकोला घेऊन आला. बायको दोन दिवस उपाशी. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो म्हणाला, नको, आमचं पाणी आमच्याजवळ आहे, आणि पिशवीत बाटली शोधायला लागला. बाटली रिकामी होती. तेवढ्यात त्या बाईनं हात पुढे करून तांब्या घेतला आणि गटागटा प्यायली. वहिनीनं दुसरा तांब्या भरून त्याच्या बाजूला ठेवला. थोड्या वेळानं तोही अर्धा झालेला होता. आईला याचा इतका आनंद झाला की तिनं तो किस्सा वर्षभर सगळ्यांना सांगितला. बाबा मात्र म्हणाले, तहान लागली होती म्हणून प्यायला, एवढं काय त्यात.

माझा मुलगा झाला शहाऐंशी साली. दीड महिना झाला आणि माझी झोप गेली. मला कळत होतं हे काय आहे. मी ते डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि म्हणूनच कोणाला सांगितलं नाही. बाळाला मांडीवर घ्यायची भीती वाटायची, विळी दिसली की मी दुसऱ्या खोलीत जायची. सासूबाईंना वाटलं, सून आळशी झाली. एका रविवारी वहिनी डिंकाचे लाडू घेऊन बाळ बघायला आली. तिनं बाळाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "किती दिवसांपासून झोपल्या नाही?" मी म्हणाले, झोपते की. ती जवळ बसली. "लेकराले हात लावाचं भेव वाटते?" मला रडू फुटलं. ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेली. मी ओरडून थांबवावं असं वाटलं, तोवर ती बोलायला लागलीही होती. भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मावशी, मले झालं होतं तेच सुनंदाबाईले होऊन राहिलं. मी दोन महिने नागपूरच्या पागलखान्यात होती. यायच्या लग्नात मी नोहती ते त्याच्याचपायी. तुमाले खोटं सांगितलं होतं आमी. त्याचा राग मंग करा. पयले इले डॉक्टरकडं न्या."

तीन वर्षं मी ज्या क्षणाला भीत होते तो हा. आता सासूबाई काय म्हणतील, मला माहेरी पाठवतील, मुलगा ठेवून घेतील... मग चुलीतलं लाकूड पुढे सारल्याचा आवाज आला आणि सासूबाई म्हणाल्या, "तवा तुमी खात काय होत्या? इच्या तोंडात तर घासच जाऊन नाही राहिला." बस. एवढंच. एवढ्यासाठी मी माझ्या वहिनीला माझ्या लग्नातून घालवलं होतं.

मला दवाखान्यात राहावं लागलं नाही. गोळ्या चालल्या, तीन महिन्यांत मी सावरले. पहिले अकरा दिवस वहिनी माझ्याजवळ राहिली. रोज दुपारी ती बाळाला माझ्या मांडीवर द्यायची, म्हणायची, पाच मिनिटं, मग मी घेते. पाचाची दहा झाली, दहाची वीस. दहाव्या दिवशी मी तिची माफी मागितली. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या. ती म्हणाली, "सांगितलं असतं त लग्न मोडलं असतं तुमचं. तुमच्या जागी मी काय केलं असतं, मले ठाऊक नाही. पण बाई, चार दिवस बोरगावले लई रडली मी." एवढं बोलून बाळाची लंगोटं धुवायला गेली. मला अजूनही वाटतं, तिनं मला माफ केलं असतं तर मी ते विसरले असते.

ती संत नव्हती, हेही लिहायला हवं. चिडायची, दादाशी भांडायची, शनिवारी करुणाला ताप असला तरी निघायची आणि आई बडबडायची. आणि सगळ्याच बाया बऱ्या झाल्या असंही नाही. एका खेड्यातल्या तरुण बाईला तिनं वर्षभर नागपूरला नेलं-आणलं. बरी झाली, हसायला लागली, तेव्हा घरच्यांनी, आता कशाला, असं म्हणून गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत तिनं जीव दिला. वहिनी दोन शनिवार गेली नाही. खोलीची किल्ली खुंटीलाच होती. आम्ही सगळे तिच्यावर डोळा ठेवून होतो, तीही ते ओळखून होती. तिसऱ्या शनिवारी तिनं पिशवी भरली. मी म्हणाले, अजून थोडे दिवस थांब. तर म्हणाली, "घरी बसून ते काही वापस येत नाही." आणि गेली. त्यानंतर ती प्रत्येक घरच्यांकडून शपथ घ्यायची, डॉक्टर म्हणेपर्यंत गोळी थांबवायची नाही. ज्याचा मारुती त्याला मारुतीची शपथ, ज्याचा बुद्ध त्याला पंचशीलाची.

आणि मग यंदाचा तो शनिवार. पाऊस नुकताच संपलेला, सौंसरला घरोघर ताप. ती जामसांवलीहून परतली ती कुडकुडतच. दादानं रविवारी दवाखान्यात नेलं. तिथून छिंदवाड्याला पाठवलं, आणि वाटेतच ती गेली. चौतीस-पस्तीस वर्षांची. मन तिचं जागेवर होतं, दादा सांगतो. शुद्ध जाण्याआधी तिनं करुणाच्या शाळेच्या डब्याचं आणि पुढच्या शनिवारी नागपूरला जाणार असलेल्या एका म्हातारीच्या चिठ्ठीचं सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या, तिच्या स्मरणाच्या वंदनेच्या, दिवशी विहारात जागा पुरली नाही. पांढरी लुगडी नेसलेल्या आमच्या बाया होत्याच, पण मागे भिंतीशी हिरव्या-लाल पातळांतल्या, कुंकू लावलेल्या कितीतरी अनोळखी बाया बसल्या होत्या. वंदना सुरू झाली तेव्हा त्यांना शब्द येत नव्हते, त्या नुसत्या हात जोडून होत्या. बाबा बोलायला उभे राहिले. आयुष्यभर ते भाषणं करत आले, पण त्या दिवशी त्यांना दोन वाक्यांपुढे जाता आलं नाही, ते खाली बसले. सगळे गेल्यावर मी सतरंज्या गुंडाळत होते. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मी तिले थंड पाण्यानं आंघोळ कराले लावत होतो, सुनंदा. हिवाळ्यात." मी सतरंजीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती घडी घातली.

परवाच्या शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती. मी घरी न जाता सौंसरच्या बसमध्ये बसले आणि जामसांवलीच्या फाट्यावर उतरले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. झाडाखाली दोन-तीन कुटुंबं होती. एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आईबरोबर चटईवर बसली होती, नजर जमिनीवर. मी थोडं अंतर ठेवून बसले आणि विचारलं, जेवली का. आईनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मी बसले. पाच मिनिटांत उठले, रस्त्यापर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. माझ्याजवळ फणी नव्हती, तेल नव्हतं, हसवायला गोष्ट नव्हती. फुलावहिनी तासन् तास इथे कशी बसत असेल, मला कळेना. मी दुसऱ्यांदा उठायला लागले तेव्हा मुलीनं मान वर केली.

"तुमी कोणाले घेऊन आल्या?"

"कोणाले नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "मी बी आजारी होती. तीन वर्षं झाली. लेकरू झाल्यावर."

घराबाहेरच्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगत होते. माझा आवाज मलाच परका वाटला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, माझ्या हातांकडे, साडीकडे, पायांतल्या चपलांकडे, जशी काही खोटं कुठे सापडतं ते शोधते आहे.

"बऱ्या झाल्या?" तिनं विचारलं.

"झाली."

तिच्या आईनं गाठोडं उचलून पलीकडे ठेवलं आणि चटईवर थोडी जागा केली. मी सरकून तिथे बसले. रस्त्यावर पांढुर्ण्याकडे जाणारी बस येऊन थांबली, तिनं दोनदा हॉर्न दिला, आणि गेली.